विश्लेषण : ‘आयईएलटीएस’मध्ये संग्रहालयाचा साधा प्रश्न इतका जड का जातो?

‘तुमच्या शहरात संग्रहालय आहे का?’, ‘लहानपणी संग्रहालयात गेला होता का?’ हे प्रश्न मराठीत कोणी विचारले तर कुणीही सहज उत्तर देईल. मात्र परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या ‘आयईएलटीएस’च्या संभाषण चाचणीत हेच प्रश्न आले की अनेक उमेदवार अडखळतात. काही जण कधीही न पाहिलेल्या पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाचे पाठ केलेले वर्णन सुरू करतात, तर काही जण ‘नाही’ एवढेच म्हणून थांबतात. दोन्ही मार्गांनी गुण जातात. हा प्रश्न नेमके काय तपासतो, पाठांतर का फसते आणि पुणे, कोल्हापूर, नागपूर किंवा तेर येथील संग्रहालय या परीक्षेत कसे कामी येते, याचा हा आढावा.

परीक्षेचे स्वरूप काय आहे?

‘आयईएलटीएस’ ही १९८९ पासून घेतली जाणारी इंग्रजीची परीक्षा आहे. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तिच्या भागीदार संस्था आहेत. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार विभाग असतात. पहिल्या तीन विभागांत उमेदवारासमोर कागद किंवा संगणक असतो. बोलण्याच्या विभागात मात्र समोर माणूस असतो. परीक्षक प्रत्यक्ष किंवा काही केंद्रांवर व्हिडीओ कॉलवरून प्रश्न विचारतो आणि संपूर्ण संभाषण ध्वनिमुद्रित होते.

ही चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात चार ते पाच मिनिटे घर, शिक्षण, काम, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर छोटे प्रश्न येतात. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळते. त्यावर विषय आणि बोलण्याचे मुद्दे लिहिलेले असतात. विचार करायला आणि टिपणे काढायला एक मिनिट मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अनुषंगाने चार ते पाच मिनिटे चर्चा होते.

संग्रहालय हा विषय या तिन्ही भागांत बसणारा आहे. पहिल्या भागात ‘तुम्हाला संग्रहालये आवडतात का’, दुसऱ्या भागात ‘तुम्ही पाहिलेल्या एखाद्या संग्रहालयाचे किंवा ऐतिहासिक वास्तूचे वर्णन करा’ आणि तिसऱ्या भागात ‘संग्रहालयांत प्रवेश मोफत असावा का’ अशा स्वरूपाचे प्रश्न येऊ शकतात. त्यामुळेच सरावाच्या पुस्तकांत आणि क्लासमध्ये फिरणाऱ्या ‘अपेक्षित प्रश्नां’च्या पीडीएफमध्ये हा विषय हमखास दिसतो.

अर्ध्या बँडने एवढे काय बिघडते?

या परीक्षेत पास किंवा नापास असा शेरा नसतो. शून्य ते नऊ या पट्टीवर ‘बँड’ मिळतो. चारही विभागांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण बँडवर नेली जाते. सरासरी बरोबर पाव किंवा पाऊण आली तर ती वरच्या बँडकडे जाते. ही गणिताची बाब अनेकांच्या लक्षात उशिरा येते.

समजा, एका विद्यार्थ्याला ऐकण्यात ६.५, वाचनात ६.५, लेखनात ६ आणि बोलण्यात ६ मिळाले. त्याची सरासरी ६.२५ होते आणि निकालपत्रावर ६.५ लागतात. आता बाकी सगळे तसेच ठेवून बोलण्यात ६ ऐवजी ५.५ मिळाले असे धरा. सरासरी ६.१२५ होते आणि निकालपत्रावर ६ येतात. ज्या विद्यापीठाची अट ६.५ आहे, तिथले दार एका विभागातील अर्ध्या बँडमुळे बंद होते.

काही ठिकाणी सरासरी पुरत नाही, प्रत्येक विभागाची वेगळी अट असते. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करण्यासाठी तिथली नर्सिंग परिषद ऐकणे, वाचणे आणि बोलणे यात प्रत्येकी ७, तर लेखनात ६.५ मागते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठीची किमान एकूण बँडची अट ५.५ वरून ६ वर नेली. परीक्षेचे शुल्क १५ हजार रुपयांपेक्षा जास्त आहे आणि निकाल साधारण दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो. शैक्षणिक कर्जाची कागदपत्रे घेऊन बँकेत खेटे घालणाऱ्या कुटुंबासाठी पुन्हा परीक्षा देणे म्हणजे पुन्हा शुल्क, पुन्हा प्रतीक्षा आणि कधी कधी प्रवेशाची हुकलेली मुदत.

परीक्षक नेमके काय मोजतो?

बोलण्याचे गुण चार निकषांवर दिले जातात आणि चौघांनाही समान वजन असते. पहिला निकष ओघ आणि सुसंगतीचा, दुसरा शब्दसंपत्तीचा, तिसरा व्याकरणातील वैविध्य आणि अचूकतेचा, तर चौथा उच्चारांचा. या निकषांचे बँडनिहाय वर्णन परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी सर्वांसाठी खुले केलेले आहे. त्यात सामान्यज्ञानाचा रकाना नाही. संग्रहालय कोणत्या साली उभे राहिले, त्याचा वास्तुरचनाकार कोण, हे उमेदवाराला माहीत नसले तरी गुण कापले जात नाहीत. संग्रहालये कंटाळवाणी वाटतात, असे मत मांडले तरी हरकत नाही. कारण मात्र सांगता आले पाहिजे.

या वर्णनातील एक तपशील उमेदवारांना दिलासा देणारा आहे. बोलताना थांबणे हा सरसकट दोष मानलेला नाही. सर्वोच्च म्हणजे नवव्या बँडच्या वर्णनातही थांबण्याला जागा आहे. मात्र ते थांबणे ‘काय सांगायचे’ याचा विचार करण्यासाठी असावे, शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठी नसावे. ‘मी तिथे कधी गेलो होतो बरे?’ असे आठवत क्षणभर थांबणारा माणूस आणि ‘प्रदर्शनाला इंग्रजीत काय म्हणतात?’ म्हणून अडकलेला माणूस यांच्यातला फरक प्रशिक्षित परीक्षकाला कळतो.

पाठ केलेले उत्तर का फसते?

व्याकरणाच्या निकषात तिसऱ्या बँडच्या वर्णनात ‘पाठ केलेली वाटणारी वाक्ये’ असा स्पष्ट उल्लेख आहे. या पातळीवरील उमेदवाराच्या चुका पाठ केलेली वाक्ये सोडून इतरत्र भरपूर दिसतात, असा त्याचा अर्थ. म्हणजे घोकलेले एखादे वाक्य बिनचूक आले म्हणून वरचा बँड मिळत नाही. परीक्षक त्यापुढच्या, घोकून न ठेवलेल्या वाक्याकडे लक्ष देतो.

चाचणीची रचनाही पाठांतराला अडवणारी आहे. पहिल्या भागात परीक्षक ठरावीक प्रश्नांच्या चौकटीत राहतो, त्यामुळे तिथे पाठ केलेली चार वाक्ये खपून जातील असे वाटते. पण तिसऱ्या भागात त्याला प्रश्न फिरवण्याची, उत्तरातला धागा पकडून पुढे विचारण्याची मोकळीक असते. दुसऱ्या भागात लुव्रमधील ‘मोनालिसा’बद्दल दीड मिनिट अस्खलित बोललेल्या उमेदवाराला ‘अशा ठिकाणी गर्दीमुळे पाहण्याचा आनंद कमी होतो का?’ असे विचारले, की त्याचा वेग, आवाजाची पट्टी आणि वाक्यांची लांबी एकदम बदलते. आधीचे इंग्रजी उसने होते, हे त्या एका बदलातून उघड होते.

पाठांतराचा दुसरा तोटा उच्चाराच्या निकषात दिसतो. नैसर्गिक बोलण्यात महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो, अर्थाप्रमाणे आवाज चढतो-उतरतो. कवितेसारखे म्हटलेले उत्तर एकाच पट्टीत जाते. शिवाय एक शब्द विसरला तर पुढची ओळ आठवत नाही आणि उमेदवार पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ओघाच्या निकषात हे थेट नोंदले जाते.

सांगण्यासारखे संग्रहालय आपल्याकडे कुठे आहे?

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या परीक्षेसाठी जणू तयार उत्तर आहे. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ त्याला ‘राजा’ हे नाव दिले. संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या बहुतेक घरातल्या आहेत. दिवे, अडकित्ते, वज्री, भांडी, दाराच्या चौकटी, वाद्ये. आजीच्या घरात पाहिलेली वस्तू काचेमागे दिसली तेव्हा काय वाटले, हे सांगायला कोणाचीही पीडीएफ लागत नाही.

कोल्हापूरच्या उमेदवाराकडे तर समोरच्याला चकित करणारी गोष्ट आहे. तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. रोमन जगातली ही देवता पंचगंगेच्या काठी कशी पोहोचली, या एका प्रश्नावर दोन मिनिटे सहज निघतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या मूर्तीशी साम्य दाखवते. साताऱ्यातील औंध येथे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये संग्रहालय उभारले. तिथे राजा रविवर्मा यांची चित्रे एका लहान गावात पाहायला मिळतात.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासूनचे. लोक त्याला अजूनही ‘अजब बंगला’ म्हणतात. या नावाचा अर्थ परीक्षकाला समजावून सांगणे हेच एक चांगले उत्तर आहे. मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ मध्ये झाली आणि ते १९२२ मध्ये लोकांसाठी उघडले. त्यांची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस २०१५ पासून शाळा आणि गावांपर्यंत जाते. शाळेत कधी ही बस आली असेल तर तोही संग्रहालयाचाच अनुभव आहे.

आणि संग्रहालय कधीच पाहिले नसेल तर?

पहिल्या भागात खरे सांगणे सर्वांत सोपे. ‘आमच्या तालुक्यात संग्रहालय नाही, जवळचे जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. शाळेच्या सहली किल्ल्यांवर जात. त्यामुळे इतिहास मी काचेमागे कमी आणि उघड्यावर जास्त पाहिला’ हे उत्तर पूर्ण आहे. त्यात नकार आहे, कारण आहे आणि तुलना आहे. फक्त ‘नो, आय डोन्ट लाइक’ म्हणून थांबले तर परीक्षकाला मोजायला काहीच मिळत नाही.

दुसऱ्या भागात मात्र कार्ड बदलून मागता येत नाही. संग्रहालयाचेच वर्णन करायचे असेल आणि एकही पाहिलेले नसेल, तर ऐकलेल्या किंवा व्हिडीओत पाहिलेल्या संग्रहालयाबद्दल बोलता येते. ‘मी स्वतः गेलेलो नाही, पण माझ्या बहिणीने जे सांगितले त्यावरून...’ अशी सुरुवात चालते. परीक्षक सत्यता तपासत नाही. तरीही जवळची, आठवणीतली गोष्ट निवडण्यात शहाणपण आहे. खोटे रचताना मेंदूला दोन कामे करावी लागतात, तपशील शोधण्याचे आणि भाषा शोधण्याचे. खऱ्या आठवणीत पहिले काम आधीच झालेले असते.

‘अडकित्ता’ इंग्रजीत सांगायचा कसा?

स्थानिक संग्रहालय निवडायला उमेदवार कचरतात त्याचे मोठे कारण शब्द. समईला काय म्हणायचे, पोथीला काय, अडकित्त्याला काय? लुव्र सोयीचे वाटते, कारण ‘पेंटिंग’ आणि ‘स्कल्प्चर’ हे शब्द तयार असतात.

इथेच निकषांचे वर्णन नीट वाचण्याचा फायदा होतो. शब्दसंपत्तीच्या सातव्या बँडमध्ये एक अपेक्षा स्पष्ट लिहिली आहे. नेमका शब्द नसेल तेव्हा दुसऱ्या शब्दांत अर्थ पोहोचवता येणे. सहाव्या बँडमध्येही हे कौशल्य मोजले जाते. म्हणजे अडकित्त्याचा इंग्रजी शब्द माहीत नसणे ही अडचण नाही. ‘द्राक्षाएवढी कडक सुपारी कातरायला कात्रीसारखे जे पितळी हत्यार वापरतात ते. जुन्या घरांत पानदानाशेजारी असायचे. संग्रहालयातला अडकित्ता घोड्याच्या आकाराचा होता’ असे साध्या इंग्रजीत सांगणाऱ्या उमेदवाराने वस्तूचा उपयोग, आकार, साहित्य आणि काळ अशा चार गोष्टी सांगितल्या. त्यासाठी त्याला संबंधदर्शक वाक्य, भूतकाळ आणि तुलना वापरावी लागली. गुण याच गोष्टींना आहेत.

मराठी शब्द एकदा उच्चारून लगेच त्याचे स्पष्टीकरण देणेही चालते. चूक होते ती शब्द उच्चारून पुढे निघून जाण्यात. समोरचा परीक्षक कदाचित मराठी नसेल, ही जाणीव ठेवून बोलले की स्पष्टीकरण आपोआप येते.

याउलट, अवघड शब्द कोंबण्याचा मोह टाळावा. ‘मॅग्निफिसंट’, ‘प्लेथोरा’, ‘माइंड-बॉगलिंग’ असे शब्द प्रत्येक वाक्यात आले आणि शेजारच्या शब्दांशी जुळले नाहीत, तर शब्दसंपत्तीच्या निकषात ते विसंगत वापर म्हणून दिसतात.

मराठी भाषकांच्या ठरावीक चुका कोणत्या?

काही चुका मराठीच्या रचनेतून येतात, म्हणून त्या वारंवार होतात. ‘मी हे संग्रहालय गेल्या वर्षी पाहिले आहे’ हे मराठीत बरोबर. त्याचे शब्दशः ‘आय हॅव सीन इट लास्ट इयर’ होते आणि ते चुकते. ‘लास्ट इयर’ असा ठरावीक काळ सांगितला की ‘आय सॉ इट’ म्हणावे लागते. संग्रहालयाच्या प्रश्नात ‘कधी गेला होता’ हे हमखास येते, त्यामुळे ही चूकही हमखास येते.

‘मी लहानपणापासून तिथे जातोय’ याचे ‘आय ॲम गोइंग देअर सिन्स चाइल्डहूड’ होते. बरोबर रूप ‘आय हॅव बीन गोइंग देअर’. ‘संग्रहालयाला दोन मजले आहेत’ याचे ‘द म्युझियम इज हॅविंग टू फ्लोअर्स’ होते. तिथे ‘हॅज’ पुरेसे आहे. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ‘वी वेंट टू म्युझियम’ असे निसटते. पहिल्यांदा उल्लेख करताना ‘अ म्युझियम’ आणि नंतर त्याच जागेबद्दल ‘द म्युझियम’ एवढी सवय लावली तरी बराच फरक पडतो. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘बेसिकली’ किंवा ‘ॲक्चुअली’ने करणे हीदेखील नोंदली जाणारी सवय आहे. अशा जोडशब्दांचा अतिवापर पाचव्या बँडच्या वर्णनात येतो.

उच्चारांबाबत गैरसमज मोठा आहे. ब्रिटिश किंवा अमेरिकी ढब आणण्याची गरज नाही. मराठी वळण राहिले तरी चालते, ऐकणाऱ्याला कष्ट पडू नयेत एवढीच अट असते. संग्रहालयाच्या विषयात काही शब्द मात्र तपासून घ्यावेत. ‘म्युझियम’मध्ये जोर मधल्या ‘झी’वर येतो. ‘एक्सिबिशन’मध्ये ‘ह’चा उच्चार होत नाही. ‘आर्किऑलॉजी’त ‘च’ नसून ‘क’ आहे. ‘वेपन’ म्हणताना ओठ गोल होतात, ‘व्हिजिट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मराठी बोलताना हा फरक करावा लागत नाही, इंग्रजीत करावा लागतो.

तिसऱ्या भागात चर्चा कुठपर्यंत जाते?

तिसऱ्या भागात स्वतःच्या अनुभवातून बाहेर पडून समाजाबद्दल बोलायचे असते. संग्रहालयाच्या विषयात तीन प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतात. प्रवेश मोफत असावा का, तंत्रज्ञानामुळे संग्रहालयांची गरज संपेल का आणि एका देशातून नेलेल्या वस्तू परत द्याव्यात का.

मोफत प्रवेशाबद्दल ब्रिटनचे उदाहरण देता येते. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम संग्रहासाठी डिसेंबर २००१ पासून प्रवेश मोफत आहे. त्यामुळे गरीब कुटुंबेही आत येऊ शकतात, हा एक पक्ष. देखभालीचा खर्च करदात्यांवर पडतो, हा दुसरा. दोन्ही बाजू मांडून मग स्वतःचे मत द्यावे. एकाच बाजूने ठासून बोलले तरी गुण जात नाहीत. मात्र दोन बाजू मांडताना ‘जर-तर’, ‘असे असले तरी’, ‘त्याऐवजी’ अशी गुंतागुंतीची वाक्ये आपोआप येतात आणि व्याकरणाच्या निकषात त्यांचा उपयोग होतो.

वस्तू परत देण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्राच्या उमेदवाराकडे ताजी उदाहरणे आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली. ती कायमची परत आलेली नाहीत, तीन वर्षांसाठी उसनी आलेली आहेत. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत का, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाचे म्हणणे आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनमधील लिलावातून नागपूरच्या रघूजी भोसले यांची तलवार मिळवली. ती विकत घेतलेली आहे. म्हणजे वस्तू मायदेशी येण्याचे निदान तीन मार्ग झाले. उसनी मिळणे, विकत घेणे आणि मूळ मालकाला परत मिळणे. ब्रिटिश म्युझियमला तर संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यावर १९६३ च्या कायद्याने कडक मर्यादा आहेत. या संस्थेकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यांतल्या जवळपास ८० हजारच एका वेळी प्रदर्शनात असतात.

एवढी आकडेवारी परीक्षेत सांगायची गरज नाही. पण ‘उसनी’ आणि ‘परत’ यातला फरक ज्याला कळला आहे, त्याला ‘लोन’, ‘ओनरशिप’ आणि ‘रिटर्न’ हे तीन शब्द योग्य जागी वापरता येतात. वर्तमानपत्रात मराठीत वाचलेली बातमी अशा प्रकारे इंग्रजी चाचणीत कामी येते.

हा प्रश्न सगळ्यांना सारखाच न्याय्य आहे का?

कागदावर उत्तर ‘हो’ असे आहे, कारण ज्ञानाला गुण नाहीत. प्रत्यक्षात संग्रहालय पाहणे ही सवय घर, शहर आणि शाळेवर अवलंबून असते. ज्या मुलाचे पालक सुटीत दिल्ली, जयपूरला घेऊन जातात आणि घरी त्याबद्दल इंग्रजीत बोलणे होते, त्याच्यासाठी हा गप्पांचा विषय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत आलेल्या मुलीला त्याच एका मिनिटात आधी विषय गोळा करावा लागतो आणि मग भाषा. परीक्षा दोघांना एकाच पट्टीने मोजते, पण दोघांची तयारी एकाच ठिकाणाहून सुरू होत नाही.

या दरीचाच फायदा ‘रेडिमेड उत्तरां’च्या बाजारात घेतला जातो. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे त्याला वाटते, त्यालाच लुव्रचे उत्तर विकले जाते. खरे तर सांगण्यासारखे त्याच्याकडेही असते, फक्त ते ‘परीक्षेच्या लायकीचे’ नाही अशी समजूत करून दिलेली असते. जात्याबद्दल, तालमीतल्या जुन्या मुद्गलांबद्दल किंवा वाड्यातल्या बळदाबद्दल बोलणे कमीपणाचे, आणि न पाहिलेल्या काचेच्या पिरॅमिडबद्दल बोलणे प्रतिष्ठेचे, असा हिशेब निकषांच्या कोणत्याही रकान्यात नाही.

मग तयारी कशी करावी?

पहिली पायरी म्हणजे जवळचे एक संग्रहालय प्रत्यक्ष पाहणे. आत गेल्यावर सगळे टिपत बसण्याऐवजी तीन वस्तू निवडाव्यात. प्रत्येकीबद्दल चार प्रश्नांची उत्तरे मनाशी तयार ठेवावीत. ती कशी दिसते, कशासाठी वापरत, कुठून आली आणि ती पाहून काय आठवले. पूर्ण वाक्ये लिहू नयेत. चिठ्ठीवर पाच-सहा शब्दच असावेत, कारण परीक्षेतल्या एका मिनिटात तेवढेच लिहून होतात.

दुसरी पायरी फोनवर होते. टायमर दोन मिनिटांवर लावून रेकॉर्डर सुरू करावा आणि बोलावे. नंतर ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपासावी. पहिल्यांदा फक्त भूतकाळाची क्रियापदे, दुसऱ्यांदा ‘अ’ आणि ‘द’, तिसऱ्यांदा थांबण्याच्या जागा. तोच विषय दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावा, पण वेगळ्या वस्तूपासून सुरुवात करून. यामुळे उत्तर पाठ होत नाही आणि विषय मात्र पक्का होतो. दोन मिनिटे झाल्यावर परीक्षकाने मध्येच थांबवले तर घाबरू नये. ती वेळेची शिस्त आहे, त्याने गुण कमी होत नाहीत. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारण्याची विनंती करायलाही मुभा असते.

तिसरी पायरी चर्चेची. मित्राला किंवा घरच्यांना सांगावे की उत्तरातला एखादा शब्द पकडून ‘का?’ असे तीनदा विचारा. पहिल्या ‘का’ला तयार उत्तर असते, दुसऱ्याला अर्धवट, तिसऱ्याला काहीच नसते. तिसऱ्या ‘का’ला साध्या इंग्रजीत, स्वतःच्या वेगाने आणि चुका झाल्या तर दुरुस्त करत उत्तर देता आले, की संग्रहालयाऐवजी वाचनालय, बाजारपेठ किंवा रेल्वे स्थानक असा कोणताही विषय कार्डावर आला तरी चालतो.

राज्यातील अनेक सरकारी संग्रहालयांचे तिकीट परीक्षेच्या शुल्काच्या तुलनेत नगण्य आहे. परीक्षेची तारीख घेण्यापूर्वीचा एक रविवार तिथे घालवला, तर कार्डावरच्या दोन मिनिटांसाठी लागणारा ऐवज हाती येतो.